मणक्यातली गॅप

गोपाळकृष्ण बर्वे यांचा राग दुखण्यापेक्षा त्याच्या नावावर अधिक होता. भाषाशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांच्या कण्यातली मज्जातंतूंची वाट अरुंद होत चालली होती, आणि कर्वेनगरातली त्यांची सोसायटी एकमुखाने म्हणत होती, सरांच्या मणक्यात गॅप पडली. जागा उरली नाही हा रोग, आणि त्याचे नाव गॅप. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, ते प्रत्येकाला दुरुस्त करीत. लोक आदराने मान डोलावत आणि मग आपल्या मेव्हण्याच्या गॅपची हकिगत सांगत. कुणी कात्रजचा मालिशवाला सुचवी, कुणी तांब्याचे कडे. या सल्ल्यांना ते 'लोकवाङ्मय' म्हणत आणि मनातल्या मनात त्याची होळी करीत.

दुखणे मोठे उपरोधिक होते. ताठ उभे राहिले की कमरेतून पोटऱ्यांपर्यंत आग उतरे. पुढे वाकले की ओसरे. कुणापुढे न वाकल्यामुळे विद्यापीठात ज्यांची बढती रखडली होती, त्यांना आता फाटकापर्यंत जायचे तर वाटेतल्या उभ्या स्कूटरींवर ओणवे व्हावे लागे.

"अहो, ती दामल्यांची आहे," त्यांच्या पत्नी उल्काताई शांतपणे म्हणत. "पेट्रोल हुंगताय असं वाटेल त्यांना."

शस्त्रक्रियेचा विषय मात्र ते काढू देत नसत. त्यांचे मित्र रंगराव पाठीच्या शस्त्रक्रियेला चालत गेले होते आणि चाकांच्या खुर्चीतून परतले होते. रंगरावांच्या मज्जारज्जूत गाठ होती, तो आजारच निराळा, हे गोपाळकृष्णांना ठाऊक होते. पण पलंगावरून पाय खाली सोडताना तो फरक आठवत नसे, खुर्ची आठवे.

मग एके सकाळी त्यांच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटली, आणि त्यांना पत्ता न लागता ते तसेच पुढे चालत राहिले. उल्काताईंनी ती उचलून आणली आणि वाकून त्यांच्या पायात सरकवली. टोमणा आला नाही, याने ते हादरले. त्याच आठवड्यात एमआरआय झाला आणि दोघे मणक्याच्या शल्यचिकित्सक डॉक्टर वल्लरी यांच्यासमोर जाऊन बसले.

"सर, सरळ सांगते," वल्लरीबाई म्हणाल्या. "थोडं हाड काढून आम्ही तिथे गॅप करणार."

"हा शब्द आपणही वापरता?"

"वापरते. लोक तो रोगाला लावतात, मी उपायाला लावते."

गोपाळकृष्णांनी मनातल्या मनात त्या वापराला पूर्ण गुण दिले.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि कण्याचे आडवे थर एकेक करून खाली नेले. वर पांढऱ्याशुभ्र द्रवात तंतू मोकळे तरंगत होते, दुधाच्या वाटीत काळे तीळ पडावेत तसे. मग वाटी आकसू लागली. एका ठिकाणी दूध नाहीसेच झाले. सगळे तीळ चिरडून एक करडा डाग उरला. त्याखाली दूध पुन्हा पसरले, तीळ पुन्हा सुटे झाले.

"पायाचे अंगठे वर उचला."

डावा झटकन वर आला. उजवा थरथरला, थांबला, आणि सावकाश वर आला.

"तो हुकूम या चिमटीतून गेलाय," डागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "पण आता दमलेत हे तंतू. फार थांबलात तर लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो."

गोपाळकृष्ण आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. 'निष्ठा' हा शब्द त्यांनी आजवर फक्त अवतरणचिन्हांत लिहिला होता. शरीराने दगा दिला म्हणून ते धुमसत होते, आणि त्या अंधारात दोऱ्याएवढे हे जीव चेंगरत त्यांचे प्रत्येक पाऊल पोहोचते करीत होते. त्यांनी नकळत चष्मा काढून हातात धरला.

"चाकांची खुर्ची?" त्यांनी विचारले.

"शक्यता फार कमी. पण शून्य म्हणणार नाही."

त्यांना ते आवडले. "आणि हाड काढल्यावर या तंतूंचं काय होतं?"

वल्लरीबाईंनी डागाभोवती बोट फिरवले. "तंतूंची पिशवी फुलते, आणि तिच्यात ठोके दिसायला लागतात. इतक्या शस्त्रक्रिया केल्या, पण अजून दरवेळी माझा हात क्षणभर थांबतो."

उल्काताईंनी पडद्यावरची नजर काढली नव्हती. गोपाळकृष्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"करा," ते म्हणाले. "मला तर दिसणार नाही. ते हलायला लागतील तेव्हा आपण घाई करू नका. नीट पाहा."