मुका जनरेटर

"आवाज येते का? नाई ना? मिलिटरीचा माल हाय!" बंडूजी काकांनी चालू जनरेटरवर अशी थाप मारली, जणू त्यांनीच तो बनवला होता. नाचणगावात लोडशेडिंग आणि घरात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसलेल्या. म्हणून लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून काकांनी हे हिरवं धूड आणलं होतं.

मी दहावीत, विज्ञान प्रदर्शनात पहिली. तेव्हा तपासणी मीच केली, कुणी सांगितली नव्हती तरी! सुरू करायची दोरी माझ्याकडून ओढली जाते: पास. मी आणि माझा भाऊ धीरजदादा मिळून उचलू शकतो: पास. नळीतून येणारा धूर: सपशेल नापास.

"काकाजी, अंगणात ठेवा हा."

"अन् चोरीले गेला तं? आवाजच नाई, मंग काऊन बाहेर? राहू दे महालक्ष्म्यांच्या खोलीत."

"आवाज नाई मंजे धूर नाई का?"

"लय शहाणी झाली वं तू!"

संध्याकाळी लाइट गेली. काकांनी त्याच खोलीत जनरेटर लावला, महालक्ष्म्यांपुढे ताटं वाढली आणि खोलीची दारं-खिडक्या बंद करून आम्ही ओसरीवर बसलो. महालक्ष्म्या जेवताना आमच्याकडे कुणी बघत नाही.

पण काकांची चिमुकली खुशी कुठे दिसेना.

"ते महालक्ष्म्यांच्या पडद्यामागं लपली," धीरजदादा हसला. "देवी कशी जेवते ते पाहाचं म्हणे तिले."

मी उठले. खुशीची आई, देवका काकू, दारात आडव्या आल्या. "उघडशील तं वर्षभर भोवीन घराले!"

"मले भोवू द्या!" मी त्यांच्या हाताखालून घुसले आणि दार ढकललं. आत धूर नुसता कोंडला होता. जनरेटर बंद केला, पडदा ओढला. खुशी लुळी पडली होती. तिला उचलून थेट अंगणात आणलं. हाका मारल्या, हलवलं. मग ती ओकली आणि जे भोकाड पसरलं! इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

काका-काकू तिला घेऊन दवाखान्यात पळाले. इकडे आम्ही दोघांनी जनरेटर उचलून अंगणाच्या टोकाला नेला. दोरी मीच ओढली.

खुशीला खांद्यावर घेऊन काकू परतल्या, तेव्हा घर लख्ख होतं. त्या हळूच म्हणाल्या, "महालक्ष्म्या उपाशी राह्यल्या वं."

"मंग पुन्हा वाढा. अन् खिडक्या उघड्या राह्यतीन."

काकूंनी खुशीला काकांकडे दिलं, आत गेल्या आणि आधी खिडकीची कडी काढली.

"पण चोरीले..." काका पुटपुटले.

मी जनरेटरशेजारी खुर्ची टाकली आणि पायावर पाय टाकून बसले. "कोण नेते, पाहातेच मी!"