पानगळीआधीचा बर्फ

आश्विन सरत आला होता आणि डोंगर पेटले होते.

मॅपलच्या पानापानांत शेंदूर भिनला होता. ओकच्या माथ्यांवर तांब्याची झळाळी चढली होती. बर्चची पिवळीधमक पानं वाऱ्याच्या साध्या स्पर्शानेही शहारून उठत होती. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडची ती टेकड्यांची रांग वर्षातून जेमतेम तीन आठवडे अशी रंगोन्मत्त होते. अजून एकही झाड रिकामं झालं नव्हतं. अजून पानगळ व्हायची होती.

आणि तिच्याआधीच बर्फ आला.

पहाटे आला. जड, ओला, चिकट. मळलेल्या कणकेसारखा लगदाच आभाळातून निखळून पडत होता. पौषातला बर्फ निष्पर्ण फांद्यांमधून सुटून खाली जातो, झाडांना त्याची सवय असते. पण आज पानं होती. लक्ष लक्ष पानांनी लक्ष लक्ष ओंजळी पसरल्या होत्या, आणि त्या ओंजळींत साठत साठत जाणारं ते शुभ्र ओझं कोणत्याच झाडाला पेलवेना.

मग फांद्या मोडू लागल्या. बंदुकीच्या बारासारखे आवाज दरीतून घुमू लागले. एक. मग शांतता. मग लागोपाठ तीन. शेंदरी पानांनी लगडलेल्या, रसरशीत, जिवंत फांद्या खांद्यापासून उखडल्यासारख्या खाली येत होत्या, आणि येता येता विजेच्या तारा सोबत आणत होत्या.

सव्वाआठ वाजता टेकडीच्या माथ्यावरच्या त्या घरातली वीज गेली.

कुंदा टिपणीस चहाचं आधण ठेवत होती. विजेच्या शेगडीचं लालबुंद वेटोळं तिच्या डोळ्यांदेखत काळं पडलं. फ्रिजची घरघर थांबली. आणि त्यापाठोपाठ थांबला तो आवाज, जो गेली चार वर्षं त्या घराच्या छातीत अहोरात्र धडधडत होता.

तो आवाज यंत्राचा होता. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेचून घेणारं, एका पातळ पारदर्शक नळीतून तो श्रीपादच्या नाकापर्यंत पोचवणारं यंत्र. श्रीपाद तिचा नवरा. त्याची फुप्फुसं हळूहळू दगडासारखी घट्ट होत चालली होती. यंत्राविना तो अर्धा तासही धड बसू शकत नव्हता. आयुष्यभर ज्याने डोंगरदऱ्यांतून तारा ओढल्या, अंधाऱ्या गावांत दिवे लावले, त्या विद्युत अभियंत्याचा श्वास आता विजेच्या तारेला टांगलेला होता.

यंत्राने एक दीर्घ, केविलवाणी शिट्टी मारली आणि ते गप्प झालं.

"घाबरू नकोस," श्रीपाद खुर्चीतून म्हणाला. "तासाभरात... येईल वीज. माझ्या लोकांना... मी ओळखतो."

माझे लोक! निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

कुंदा जिन्याखालच्या कपाटाकडे गेली. अशाच वेळेसाठी तिथे ऑक्सिजनचे चार सिलिंडर उभे असायचे, हिरव्या खांद्यांचे, पहाऱ्यावरच्या शिपायांसारखे. तिने दार उघडलं.

एकच होता.

एकच होता, आणि त्याच्यावरचा काटा निम्म्याच्या खाली झुकलेला होता.

तिने तो काढला, चाकांच्या गाड्यावर ठेवला, ओढत आणला, नळी जोडली, किल्ली फिरवली. सुस्कारा सोडल्यासारखा वायू वाहू लागला. श्रीपादच्या ओठांवरची निळसर छटा हळूहळू ओसरली. तिने मनाशी हिशेब मांडला. दोन तास. फार तर सव्वादोन.

मगच तिने विचारलं.

"बाकीचे तीन कुठे आहेत?"

श्रीपाद खिडकीबाहेर बघत राहिला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"परत दिले."

"कधी?"

"श्रावणात. तू ग्रंथालयात... गेली होतीस. सिलिंडर बदलणारा माणूस आला होता. म्हटलं, घेऊन जा. लागत नाहीत."

बाहेर एक फांदी कडाडून मोडली. कुंदा हलली नाही.

"मला न विचारता?"

"कपाट उघडलं की... समोर उभे. चार तिरड्या उभ्या केल्यासारखे. मला बघवेना, कुंदा."

तेव्हा तिच्या आत काहीतरी पेटलं.

तो राग आजचा नव्हता. फार जुना होता तो, थरांवर थर चढलेला. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिची शाळेतली नोकरी सोडायचं त्याने परस्पर ठरवलं होतं, तो थर. सातासमुद्रापार यायचं ठरवून त्याने तिला फक्त तारीख सांगितली होती, तो थर. वस्तीपासून दूर, टेकडीच्या शिखरावर, शेजार ना पाजार अशा ठिकाणी हे घर घेऊन त्याने कौतुकाने किल्ली तिच्या हातावर ठेवली होती, तो थर. प्रत्येक वेळी ती हसली होती. प्रत्येक वेळी ते हसू तिने एका थरावर पसरलं होतं. आणि आज एकोणचाळीस वर्षांचे सारे थर एकाच वेळी धडधडा जळू लागले.

"तुम्हाला बघवत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली थंडी त्याने चिरली. "आणि मला काय बघवतं? तुमचा श्वास मोजत झोपते मी. मोजता मोजता डोळा लागला तर दचकून उठते, की आकडा चुकला. चार वर्षं! ते चार सिलिंडर होते म्हणून मला झोप लागत होती. ते तुम्ही परत दिलेत. तुमच्या डोळ्यांना खुपतात म्हणून माझी झोप परत दिलीत तुम्ही!"

"चिडलीस?"

"हो. चिडलेय. आणि आता बोलू नका. बोलण्यात हवा जाते."

घरातला टेलिफोन मुका होता. मोबाईल हातात धरून ती या खिडकीतून त्या खिडकीत फिरली. माडीवरच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात, तेवढ्या एका वितीत, सिग्नल सापडला. आपत्कालीन सेवेतली पलीकडची बाई थकलेली होती. रुग्णवाहिका निघू शकत नव्हती, प्रत्येक रस्त्यावर झाडं आडवी होती, सहा तास लागतील, कदाचित आठ. टेकडीच्या पायथ्याच्या फायर स्टेशनात जनरेटर चालू आहे, ऑक्सिजन आहे. येता येईल तुम्हाला? आवाज तुटला.

येता येईल तुम्हाला? तीन मैलांचा उतार होता.

गॅरेजचं दार विजेवर उघडणारं होतं. छतातून लोंबणारी, दार यंत्रापासून सोडवणारी तांबडी दोरी तिने दोन्ही हातांनी ओढली, आणि मग खाली वाकून, चौसष्ट वर्षांचा कणा पणाला लावून, ते अजस्र दार वितीवितीने वर ढकललं. बर्फाचा झोत तोंडावर आला. तिने डोळे मिटले नाहीत. गाडी सुरू केली, तिची ऊब वाढू दिली. दोन घोंगड्या, चपला नकोत म्हणून त्याचे जाड बूट, आणि तो हिरव्या खांद्याचा एकुलता एक सिलिंडर. श्रीपादला पायरी पायरी करत तिने गाडीत आणून बसवलं. पट्टा लावताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. तिने हात काढून घेतला.

आणि मग गाडीच्या काचेतून तिला ती दिसली.

घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मॅपलची एक मोठी फांदी आडवी झोपली होती. मांडीएवढी जाड. पानं अजून लालभडक. पांढऱ्याशुभ्र भूमीवर कापल्या पशूसारखी ती पसरली होती.

कुंदा उतरली. बागकामाची करवत घेऊन आली.

तिने आयुष्यात गुलाबाच्या काटक्यांपलीकडे काही कापलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसली आणि तिने करवत फांदीच्या पाठीवर टेकवली. खर्र. खर्र. ओलसर, गोडूस वासाचा भुसा बर्फावर सांडू लागला. ही नोकरीची. खर्र. ही त्या तारखेची. खर्र. ही या टेकडीची, या एकांताची, या शिखरावरच्या शहाणपणाची. तिच्या पाठीवर बर्फ साठत होता आणि तिच्या मानेवरून घाम वाहत होता. हिमाच्या त्या विराट, निर्विकार, निःशब्द पसाऱ्यात एकच गोष्ट तापलेली होती, आणि ती म्हणजे कुंदा टिपणीस.

अर्ध्यात करवत अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

गाडीची काच खाली झाली.

"खालून!" श्रीपादचा चिरका, फाटका आवाज आला. "वरून नको! दोन्ही टोकं टेकलीत... वजनाने फट मिटते. खालून काप!"

"काच वर घ्या!" ती ओरडली. "हवा संपवताय तुम्ही! आत्तासुद्धा मला शिकवता? आत्तासुद्धा?"

काच वर गेली. ती हमसून हमसून रडली असती, पण तेवढा वेळ नव्हता. तिने फांदीवर बूट रोवला, करवत उपसून काढली, उताणी बर्फात पडली आणि फांदीच्या पोटाला खालून पातं लावलं.

करवत लोण्यातून जावी तशी गेली.

त्याचं बरोबर होतं, आणि हे तिला सगळ्यांत असह्य झालं. तिच्या डोळ्यांत भुसा पडत होता, तोंडात पडत होता, आणि ती त्याला, झाडाला, आभाळाला, मराठीतल्या तिला येत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मोठमोठ्याने देत होती. ऐकायला त्या माथ्यावर कोणी नव्हतं. एकाएकी फांदी कडकडली आणि दुभंगली. तिने तो तुकडा कवेत धरून, ढकलून, लोटून, लाथेने उतारावर सोडला. तांबड्या पानांची एक लांबलचक रेघ बर्फावर उमटत गेली.

गाडीत बसली तेव्हा तळहातांची सालं निघाली होती. तिने आधी काटा पाहिला. लाल पट्ट्याला टेकत होता. मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि तो अतिशय सावकाश, अतिशय काटकसरीने श्वास घेत होता, तिने सांगितल्याप्रमाणे एक शब्दही न बोलता.

तीन मैल. चाकं घसरत होती, झाडं दोहोंकडून वाकून वाटेवर आली होती, धवल कमानींखालून ती गाडी इंचाइंचाने उतरत होती. एका वळणावर तुटलेली तार सर्पासारखी रस्त्यावर पडली होती. कुंदा थांबली. श्रीपादने डोळे उघडले, तार पाहिली, खांबाकडे पाहिलं, आणि तोंडातून शब्द न काढता बोटाने डावीकडची मोकळी गवताळ कड दाखवली. लांबून. खूप लांबून. तिने गाडी तशी नेली.

ती कड ओलांडली तेव्हा सिलिंडरचा सुस्कारा थांबला होता.

उरलेला अर्धा मैल तिने कसा पार केला, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. एवढंच आठवलं, की ती मोजत होती. मोठ्याने, त्याचा एकेक श्वास, एक, दोन, तीन, आणि मध्येच, "घ्या! श्वास घ्या म्हणते ना! मला अजून भांडायचंय तुमच्याशी! घ्या!"

फायर स्टेशनच्या दारातून तिथली दोन माणसं धावत आली. एका धिप्पाड बाईने श्रीपादला लहान मुलासारखं उचललं. आत दिव्यांचा पिवळा उजेड होता, जनरेटरची गर्जना होती, भिंतीशी उंचच उंच सिलिंडर ओळीने उभे होते. श्रीपादच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बसला. त्याची राखाडी नखं गुलाबी व्हायला चौदा मिनिटं लागली. कुंदाने ती मोजली.

मग कोणीतरी तिच्या हातांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. ती त्याच्या खाटेजवळच्या लोखंडी खुर्चीत बसली.

त्याने मुखवटा जरासा सरकवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

एकोणचाळीस वर्षांत हे दोन शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. कितीदा तिने कल्पना केली होती, की ते ऐकल्यावर आतलं सारं वितळेल, ओघळेल, निर्मळ होईल. तिने वाट पाहिली. काहीच वितळलं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पण राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही."

"असू दे." तो थांबला, श्वास घेतला. "मी आहे इथे."

"मुखवटा लावा."

त्याने लावला.

वीज पाचव्या दिवशी आली. तोवर ती दोघं तिथेच राहिली, इतर वीस-पंचवीस जणांसोबत. दुसऱ्या दिवशी दुपारी, टेलिफोन चालू झाल्याबरोबर, श्रीपादने स्वतः सिलिंडर मागवले. पलीकडच्या माणसाने किती हवेत असं विचारल्यावर त्याने टेलिफोनवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून विचारलं, "किती सांगू?"

"सहा," कुंदा म्हणाली.

"सहा," तो टेलिफोनमध्ये म्हणाला.

ती उठली आणि बाहेर अंगणात आली. हिम थांबलं होतं. ऊन असं नव्हतं, आभाळभर नुसता मोत्यासारखा मंद प्रकाश होता. अंगणाच्या टोकाशी जाऊन ती उभी राहिली, छाती भरून गार हवा घेतली, आणि ओरडली. शब्द नव्हता त्यात. नुसता आवाज, लांब, रासवट, उघडा. तो दरीत गेला आणि दरीतच राहिला.

तेवढ्यात उत्तरेच्या कड्यावरून रानहंस आले. दोन लांब ओळी एका टोकाशी जुळलेल्या, इतक्या खाली की पंखांची सळसळ ऐकू यावी. कर्कश, घोगऱ्या, संतापलेल्या कंठांचा एकच कल्लोळ उठला होता. पुढचा मागच्यावर ओरडत होता, मागचा पुढच्यावर, आणि ओरडता ओरडता, ओळ न मोडता, जोडीदाराच्या पंखांमागचा वारा न सोडता ते चालले होते, त्या विस्तीर्ण पांढऱ्या शांततेवरून, दक्षिणेकडे, दक्षिणेकडे, दक्षिणेकडे.