मिस्त्रींचं नाक

मिस्त्रींच्या मेहुण्याच्या खानावळीतल्या गॅस ग्रिलचा डावा बर्नर चार दिवस पिवळा जळत होता. भाजायला टाकलेलं वरून काळं व्हायचं आणि आतून कच्चं राहायचं. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करू लागली, तसा त्याने मिस्त्रींना निरोप धाडला. मिस्त्री म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं गॅसच्या कामात मुरलेले.

मिस्त्रींनी आधी सिलिंडर बंद केला, नळी सोडवली, जाळ्या उचलल्या आणि तिन्ही बर्नर फरशीवर मांडले.

"दाजी, आता अंघोळ का यांना?"

"तू कधी घातली होतीस? वर्षभराचं तेल आहे."

तारेच्या ब्रशाने त्यांनी भोकांवरून आडवं घासलं. बुजलेली भोकं बारीक तारेने एकेक मोकळी केली. मेहुणा मदतीला दाभण घेऊन धावला, तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"भोक मोठं झालं की बर्नर गेला. उत्साह आवर."

डाव्या बर्नरच्या नळकांड्यात कोळ्याने संसार थाटला होता. लांब ब्रशाने त्यांनी जाळं ओढून काढलं.

"बिनभाड्याचा भाडेकरू," मेहुणा म्हणाला.

सगळं जागेवर बसवून मिस्त्रींनी नळी जोडली, सिलिंडर उघडला. आता गळती बघायची. इतर लोक सांध्यांना साबणाचं पाणी लावत, हे नुसतं नाक लावत. गावभर त्या नाकाचा बोलबाला होता. पण गेल्या हिवाळ्यातल्या तापात वास जो गेला तो परत आलाच नाही. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कळलं तर कामं बंद होतील, आणि घरी बसून दिवस कसा ढकलायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. लोकांकडे ते मालकाची पाठ वळली की पिशवीतल्या बाटलीतलं साबणपाणी फिरवत. इथे मेहुणा जागचा हलेना.

मिस्त्री वाकले. सांध्यापाशी दोनदा श्वास घेतला.

"काही नाही."

मेहुण्याने काडेपेटी उचलली, काडी काढली. मग थांबला, नाक वर केलं आणि ओशाळून हसला.

"मला उगाच वास आल्यासारखं वाटलं. पण दाजी नाही म्हणाले म्हणजे नाही."

त्याने काडी पेटीला टेकवली. मिस्त्रींनी पेटी हिसकावली, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या.

"काय झालं हो?"

"तुझंच खरं असेल. मला वास येत नाही. सात महिने झाले."

मेहुण्याने हातातली काडी खाली ठेवली. "ताईला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिच्या स्वयंपाकाला छान वास सुटलाय म्हणता, ते?"

"अंदाजाने."

मेहुण्याने हसू गिळलं. "मग आता दुसरा मिस्त्री बोलावू?"

हवा खेळती झाल्यावर मिस्त्रींनी पाना घेतला, सांधा आवळला, सिलिंडर उघडला.

"ये इकडे. आता?"

"येतोय. थोडासा."

बंद करून त्यांनी सांधा आणखी आवळला, पुन्हा उघडला. "आता?"

मेहुण्याने घाई केली नाही. "नाही."

मग मिस्त्रींनी त्याच्यासमोरच साबणपाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही.

"लोकांनी विचारलं, हे साबणपाणी कधीपासून, तर?"

"तर सांगायचं, नाक गेलं. ज्यांना बोलवायचं ते बोलवतील." त्यांनी पेटी त्याच्या हातात दिली. "घरी आज मीच सांगतो. लाव काडी."