कुणी हाय का रं

भैरूनं सकाळी चहाची बशी ओठांना लावली आणि ती हातातून उडून भिंतीवर आपटली, तेव्हा घरात कुणालाच काही उमगलं नाही. आईनं, गोजाबाईनं, त्याचं तोंड पुसायला तांब्यातून पाणी ओतलं. त्या आवाजासरशी भैरूची मान मागं ओढली गेली, गळ्याच्या शिरा तटतटल्या आणि तो ओरडला. तहान लागलीय म्हणत होता आणि पाण्याकडं बघवत नव्हतं. मग धाकट्या भावाला, चिमाजीला, तो कुत्रा आठवला.

दीड महिन्यापूर्वी खळ्यावर एका तांबड्या कुत्र्यानं भैरूची पोटरी धरली होती. शेजारच्या गावच्या एका जाणत्यानं मुळी उगाळून दिली, वर तंबाखू बांधली. पुण्याला जाऊन पोटात चौदा सुया घेण्यापेक्षा ते सोपं होतं. जखम भरली आणि सगळे विसरून गेले.

चिमाजीनं बैलगाडी जुंपली आणि भावाला चाकणच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं लांबूनच पाण्याचा पेला हलवून बघितला आणि चिमाजीला बाजूला घेतलं. "घरी न्या. लेकराबाळांना लांब ठेवा. थुंकीला हात लावू नका. आता यावर इलाज नाही. एखादा दिवस, फार तर दोन."

दुपारी निघोज्याला, आपल्या गावी परतल्यावर, भैरूच्या गोठ्यातली जनावरं बाहेर काढली आणि त्याला मधल्या खांबाला बांधलं. बांधताना तो शुद्धीवर होता. स्वतःच हात पुढं करून म्हणाला, "चिमा, नीट बांध."

गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून मिशनची शाळा होती, दोन खोल्यांची. एका खोलीत मुलं शिकायची, दुसऱ्या खोलीत ज्योतीराम रणभिसे मास्तर बायकोमुलांसह राहायचे. नगरकडचं हे ख्रिस्ती कुटुंब गावात येऊन चार वर्षं झाली होती. भैरूशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या बैलांनी शालनबाईची वांग्यांची रोपं फस्त केली, ती बोलायला गेली तर तो हसला होता. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

त्या दिवशी शाळा भरली नाही. गावानं दारं लावून घेतली होती. शालनबाई तांदूळ निवडत बसली होती आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता.

"कुणी हाय का? कुणी हाय का रं?"

मध्येच ओरडणं, मध्येच कण्हणं, आणि पुन्हा तेच. सहा वर्षांच्या मार्थानं कान झाकून घेतले. धाकटा तिच्या कुशीत शिरला. शालनबाईच्या बोटांतून तांदूळ खाली सांडत होते, तिला कळतही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "त्याच्याजवळ कुणीच नाही का?"

"गोजाबाईला दोघांनी धरून ठेवलंय. चिमाजी आत जायला तयार नाही. आणि कोण जाईल?" मास्तर म्हणाले. ते दाराला पाठ लावून उभे होते.

"तो माणूस शुद्धीत आहे. हाक मारतोय."

"शालन, मला ऐकू येतंय."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं. मास्तरांना तिच्या मनातलं कळलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"नाही," ते म्हणाले. "आपल्याला दोन लेकरं आहेत. लेकरांना पोरकं करा असं प्रभूनं कुठं सांगितलंय?"

"नाही सांगितलं."

"मग?"

ती काही धीट बाई नव्हती. तिला पालीची भीती वाटायची, वीज कडाडली की ती मुलांच्या आधी पांघरुणात शिरायची. पण दर रविवारी याच खोलीत नवरा शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल बोलायचा आणि ती मान डोलवायची. आता शेजारी चार हातांवर भिंतीपलीकडं होता. "मी लांब बसेन," ती म्हणाली. "त्याला हात लावणार नाही. नुसती ओ देते."

मास्तरांनी तिला अडवलं नाही. त्यांना रडू फुटलं होतं. मुलांना त्यांनी खोलीत कोंडलं, घरातल्या दोन्ही गोधड्या काढल्या आणि तिच्यामागून निघाले. वाऱ्याच्या झुळकीनंही अशा माणसाला झटका येतो हे त्यांनी ऐकलं होतं. गोठ्याच्या दाराच्या फटीवर त्यांनी गोधड्या धरल्या आणि तिथंच उभे राहिले. आत पाऊल टाकणं त्यांना जमलं नाही.

आत अंधूक होतं. शेणाचा आणि घामाचा वास कोंडला होता. भैरू खांबाला टेकून बसला होता, ओठांच्या कडेला फेस, डोळे लाल. शालनबाई दाराशीच खाली बसली.

"भैरूभाऊ," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "भैरूभाऊ, मी आहे. शाळेतली."

त्यानं मान वळवली.

"मास्तरीणबाई? तुमी कशापायी आलासा? लांब बसा. लांब. माझा काय भरवसा न्हाई."

"लांबच आहे."

"आय कुटं हाय?"

"बाहेर आहे. भिंतीशी. तुमचं नाव घेतेय."

"तिला आत सोडू नगा." तो म्हणाला. "पर तुमी जाऊ नगा."

ती गेली नाही. काय बोलावं ते तिला सुचेना म्हणून ती काहीबाही बोलत राहिली. नदीला पाणी किती उरलंय ते बोलायला गेली आणि जीभ चावली, पाण्याचं नाव काढायचं नव्हतं. मग त्याच्या बैलांबद्दल बोलली. ते कुणाच्या वांग्यांत शिरलेत म्हणाली. भैरूच्या तोंडावर काहीतरी हललं, हसल्यासारखं. लगेच झटका आला. त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं, खांब करकरला, वरची माती झडली. शालनबाईनं डोळे मिटले आणि दाताखाली पदर धरला. देवाचं नावही तिला आठवेना. डोक्यात एकच होतं, उठ आणि पळ. ती उठलीसुद्धा. तेवढ्यात तो शांत झाला आणि धापा टाकत म्हणाला, "हायसा न्हवं?"

ती पुन्हा बसली. "आहे."

असं तीन-चार वेळा झालं. ऊन कलायला लागलं होतं तेव्हा भैरू एकदम स्पष्ट आवाजात म्हणाला, "बाई, उजव्या हाताची दोरी सैल झालीया. चिमाला बलवा. म्या सुटलो तर कुनाला तरी चावीन."

मास्तरांनी बाहेरून हाक दिली. चिमाजी अंगणात आला, पाच पावलांवर थांबला आणि तिथून पुढं त्याला येववेना. तो नुसता डोकं हलवत राहिला. मास्तर म्हणाले, "मी येतो." पण त्यांनी हात काढताच गोधडी सरकली, उजेड आणि वारा एकदम आत आला. भैरू किंचाळला. "धरा ती!" शालनबाई ओरडली, "तशीच धरा!"

गाठ अजून निसटत होती. आता तिथं ती सोडून दुसरं कुणी नव्हतं.

ती खांबाच्या मागच्या बाजूनं गेली. दोरीचं टोक तिच्या हातून दोनदा सुटलं. भैरूनं तोंड दुसरीकडं वळवून धरलं होतं, दात आवळून, डोळे घट्ट मिटून. तिला चावू नये म्हणून तो स्वतःशीच झगडत होता, हे तिला दिसत होतं. तिनं गाठ आवळली. त्याच क्षणी झटका आला, त्याचं डोकं फिरलं आणि तोंडातला फेस तिच्या उजव्या मनगटावर उडाला. त्याच मनगटावर आदल्या दिवशी भाकरी उलटताना तवा लागला होता. फोड फुटून कातडी निघाली होती.

ती दाराशी परत आली. भैरूनं क्षीण आवाजात विचारलं, "लागलं का तुमास्नी?"

"नाही," ती म्हणाली.

भैरूनं दिवस मावळताना प्राण सोडला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. ती मात्र थोड्या थोड्या वेळानं "आहे, भैरूभाऊ" म्हणत होती.

बाहेर आल्यावर तिनं राख आणि साबणानं मनगट रक्त येईपर्यंत घासलं आणि नवऱ्याला खरं सांगितलं. ज्योतीराम मास्तर उंबऱ्यावर मटकन बसले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं दोघं पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले.

पोटात लांब सुई, रोज एक, चौदा दिवस. पोट सुजून दगडासारखं झालं. शेवटच्या सुईनंतर तिनं डॉक्टरांना विचारलं, "आता भीती नाही ना?"

"सुया घेतल्यात, बहुतेक काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तीन महिने गेले की निश्चिंत व्हा."

ते 'बहुतेक' ती घरी घेऊन आली.

रोज पहाटे उठल्याबरोबर ती तांब्यात पाणी ओतायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. घशात काही आवळतंय का? मग एक घोट. गेला. मग दुसरा. तांब्या, ताटली, अंथरूण तिनं वेगळं केलं होतं. मुलांना जवळ घेत नव्हती. धाकटा रडून रडून दमायचा आणि ती भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा गार पाण्यानं ठसका लागला, तर ती चुलीपुढंच कोसळली आणि तासभर कुणाला जवळ येऊ देईना. प्रार्थनेला बसली की शब्द येत नसत. आलाच तर रागच यायचा. देवा, मी तुझं ऐकलं, आता ह्या लेकरांचं काय करतोस ते तरी सांग.

गावातही कुजबूज सुरू झाली. मास्तरीण पिसाळणार म्हणून मुलं शाळेत येईनात. तिला बघून बायका वाट बदलायच्या.

आली ती गोजाबाई. एके दुपारी म्हातारी काठी टेकत शाळेच्या ओसरीवर येऊन बसली.

"आजी, लांब बसा," शालनबाई घाबरून म्हणाली.

"कशापायी?" गोजाबाई म्हणाली. "माझ्या लेकाजवळ तुमी बसलात. मला बसू दिलं न्हाई. आता हितं तरी बसू द्या." आणि जवळ सरकून तिनं शालनबाईचा हात हातात घेतला, तोच, भाजलेला. शालनबाईच्या अंगाला महिनाभरात माणसाचा हात लागला नव्हता. ती हुंदके देऊन रडली. म्हातारीनं तिला रडू दिलं. त्यानंतर गोजाबाई रोज यायची. पाणी पिताना शालनबाईचा घोट अडला की म्हणायची, "गिळ, बाय. म्या बगते हाय."

आषाढ संपता संपता तीन महिने झाले. त्या रात्री शालनबाईनं दोन्ही मुलांना कुशीत घेतलं, पण तिला झोप लागली नाही. भीती एका दिवसात जात नाही. पुढं कितीतरी दिवस ती पाण्याकडं जरा जास्तच वेळ बघायची. मास्तरांनीही बरेच रविवार उपासनेत शेजाऱ्याबद्दल काही सांगितलं नाही. प्रार्थना म्हणायचे, गाणं म्हणायचे आणि खाली बसायचे.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी चिमाजी धावत शाळेत आला. कडेवर त्याची पाच वर्षांची मुलगी इंद्रायणी होती. तिच्या हातावर कुत्र्याचे दात उमटले होते.

"बाई, आमाला पुण्याच्या दवाखान्यातलं काय ठावं न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "तुमी चला."

शालनबाईनं जखम साबणानं धुतली, खळखळून, पोरगी किंचाळत असताना. पदर खोचून ती निघाली. चाकणहून एस्टी मिळाली. वाटेत चिमाजी मुलीला छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "त्या दिशी म्या अंगणापत्तूर आलतो, बाई. त्यो माझा सख्खा भाऊ. पाय उचलंना."

"मीसुद्धा पळायला उठले होते," शालनबाई म्हणाली.

चिमाजीनं तिच्याकडं वळून बघितलं.

दवाखान्याच्या त्या पडवीत स्पिरिटचा वास आला आणि शालनबाईला त्या चौदा सुया आठवल्या. भिंत धरून ती क्षणभर थांबली. आतून नर्सनं नाव पुकारलं. इंद्रायणी बापाला सोडेना, आणि बाप तर तिच्याहून जास्त थरथरत होता.

"द्या माझ्याकडं," शालनबाई म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली.