हशाच्या फितीची कैफियत

मित्रांनो, हसू डब्यात भरून ठेवता येतं असं कुणी सांगितलं, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण मी तेच पोटात घेऊन आजवर जगले. मी एक जुनी फीत आहे. करंगळीपेक्षा बारीक, तपकिरी, चाकाभोवती गुंडाळलेली आणि पत्र्याच्या गोल डब्यात बंद. तुमच्या मोबाइलमध्ये अख्खी वरात मावते, तेव्हा माझं तुम्हांला काय कौतुक असणार म्हणा. तरी घटकाभर बसा. सांगण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट आहे आणि ती मला आतून खाते.

माझा जन्म कारखान्यातला. कोऱ्या फितीला ना आवाज असतो, ना ओळख. मला आवाज दिला तो बद्रीनाथांनी. आपल्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, टीव्ही घरोघर पोचलेला नव्हता आणि 'निंबापूरची मंडळी' नावाची एक विनोदी मालिका तयार होत होती. निंबापूर हे मनानं रचलेलं तालुक्याचं गाव. त्याच्या बाजाराचं चित्रण लासूर स्टेशनला झालं होतं. आवाजाचं सगळं काम बद्रीनाथांकडं. विनोद झाला की मागून माणसं हसल्याचा आवाज हवा, म्हणून त्यांनी एका सभागृहात निवडक पाहुणे बोलावले आणि एका नकलाकाराला त्यांच्यापुढं उभं केलं.

पाहुणे शिकलेसवरलेले. हसू आलं की आधी रुमाल तोंडावर. बद्रीनाथ वैतागले. हा हशा आहे का ठसका, असं पुटपुटत ते बाहेर गेले. सभागृहामागं इमारतीचं काम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या मजुरांना त्यांनी आत आणून मागच्या खुर्च्यांवर बसवलं. त्यांत फुलंब्रीकडच्या एका खेड्यातलं जोडपं होतं. नवऱ्याचं नाव कडुबा आणि बायकोचं गीताबाई.

कडुबा सकाळपासून सिमेंट वाहून दमलेला. पंख्याचं वारं लागलं तसा बसल्या जागी झोपला. नकलाकार तेव्हा एसटीच्या कंडक्टरची नक्कल करत खुर्च्यांमधून फिरत होता. त्यानं कडुबाच्या कानाशी जाऊन तिकीट विचारलं. कडुबानं डोळे न उघडता खिशाला हात घातला आणि झोपेतच म्हणाला, "फुलंब्री. दोन फुल."

आणि गीताबाई हसली. अहो, काय ते हसणं! आधी दाबायला गेली, पदर दातांत धरला, पण ते कुठलं ऐकतंय? पोटापासून उसळून वर आलं आणि सगळं सभागृह त्यानं हसवलं. झोपेतसुद्धा नवरा बायकोचं तिकीट काढायला विसरला नाही, याचं ते हसू होतं. मजुरांना चहा मिळाला आणि ती सगळी कामावर परत गेली. तुमचं हसू आम्ही ठेवून घेतलंय, असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बद्रीनाथांनी ब्लेडनं माझे तुकडे केले. नकलाकाराची बडबड, खुर्च्यांची करकर, खोकले, कडुबाचं तिकीट, सगळं कापून केरात टाकलं. हसण्याचे तेवढे तुकडे एकापुढं एक चिकटवले. खुदखुद वेगळी, मध्यम हशा वेगळा आणि गीताबाईचा मोठा हशा सगळ्यांत शेवटी.

मग माझे दिवस आले. दर आठवड्याला नवा भाग यायचा. बद्रीनाथ बटण दाबायचे आणि मी हसायचे. कशाला हसायचं, हे विचारायची सोय मला नव्हती. मालिका तुफान चालली. त्या वेळी रस्ते ओस पडायचे, लग्नाच्या पंगतीसुद्धा उठायच्या. आणि लोक म्हणायचे, मागं ती एक बाई हसते ना, ती हसली की घर हसतं.

गीताबाईच्या गावात ग्रामपंचायतीचा टीव्ही चावडीत होता. पहिल्याच भागात बायकांनी ओळखलं. अगं, ही तर आपली गीता! तिला तेव्हापासून सगळे टीव्हीतली गीता म्हणू लागले. ती लाजायची, पण दर आठवड्याला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. हे मला फार उशिरा कळलं. कसं ते सांगतेच.

मग तो पेढ्यांचा भाग आला. निंबापुरात सखू नावाची झाडूवाली होती. ती कोण, कुठल्या वस्तीतली, हे मालिकेत कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती, बघणारे सगळे समजून होते. तर सखूचा मुलगा मॅट्रिक पास होतो आणि ती हेडक्लार्कच्या घरी पेढे घेऊन जाते. हेडक्लार्कची बायको, माई, पुडा पायरीवर ठेवायला सांगते. चिमटीत धरून आत नेते, दार लावून घेते आणि पेढे म्हशीपुढं टाकते. हेडक्लार्क धावत येतो. म्हणतो, अगं, म्हशीनंसुद्धा विटाळ मानून दूध द्यायचं बंद केलं म्हणजे?

बद्रीनाथांनी बटण दाबलं. मोठा हशा.

पुढं मालिका संपली. रंगीत वाहिन्या आल्या आणि मला कुणी विचारेनासं झालं. बद्रीनाथ म्हातारे झाले तेव्हा त्यांनी मला एका ट्रंकेत घालून तात्यासाहेबांच्या हवाली केलं. शहराचं नाव बदललं, माझ्या डब्यावरची चिठ्ठी मात्र तीच राहिली.

तात्यासाहेब मूळचे कन्नडचे. शेतीभाती तिकडं, नोकरी शहरात झालेली, आता निवृत्त. निंबापूरवर त्यांचा भारी जीव. त्यांची आई शेवटच्या आजारपणात फक्त ती मालिका बघून हसायची, म्हणून त्यातलं वाक्य न् वाक्य त्यांना पाठ. त्यांनी मालिकेच्या चाहत्यांचा गट जमवला. दर रविवारी त्यांच्या बैठकीत माणसं जमायची, एखादा भाग बघायची, चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या. जुने भाग साफसूफ करून इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे नातवंडंसुद्धा बघतील, असा त्यांचा बेत होता. मी तिथंच कपाटावर होते. मला ऐकू येत नाही असं समजू नका, ऐकण्याशिवाय मी दुसरं केलंच काय?

गटात करुणा नावाची मुलगी यायची. बँकेत नोकरीला. तिलाही संवाद पाठ, तीही पोट धरून हसणारी. पण एका रविवारी ती म्हणाली, "तात्या, एवढं मोठं गाव. पण सखू कधी कुणाच्या ओट्यावर बसलेली दाखवलीय का?"

मग वाद पेटला. कुणी म्हणालं, टांगेवाला चाचासुद्धा 'जी हुजूर' म्हणण्यापुरताच आहे. कुणाला आठवलं की मालिकेतल्या बायका चहा आणण्यापलीकडं काही करतच नाहीत. अतुल नावाचा एकजण लग्नाच्या मांडवातले माइक-स्पीकर सांभाळायचा. तो म्हणाला, त्या काळी तसंच होतं की. करुणानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तसं होतं हे दाखवणं वेगळं आणि त्यावर हसा म्हणणं वेगळं. तात्यासाहेबांना ते लागलं. एवढी जीव लावून केलेली मालिका, दुधात मिठाचा खडा कशाला टाकता, असं म्हणून त्यांनी विषय मोडला.

विषय बदलायचा म्हणून त्यांनी नेहमीचा प्रश्न काढला. ती मोठ्यानं हसणारी बाई कोण असेल? सापडली तर आपण तिचा सत्कार करू. करुणानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ती माझी आजी आहे."

गावात तिला अजून टीव्हीतली गीता म्हणत, पण आजी ती मालिका घरात लावू देत नव्हती. का, हे करुणालाही ठाऊक नव्हतं. पण तात्यासाहेबांना कोण आनंद! त्यांनी शाल आणली, श्रीफळ आणलं, सतरंज्या धुऊन घेतल्या. आणि गीताबाईला खूश करायला म्हणून एक भाग निवडून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. ज्या भागात तिचं हसू सगळ्यांत लांब आणि स्वच्छ ऐकू येतं, तोच.

रविवारी दुपारी गीताबाई आली. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. सगळ्यांना जय भीम घालून नेमून दिलेल्या खुर्चीवर बसली. भाग सुरू झाला. सखू पेढे घेऊन निघाली तशी करुणानं तात्यासाहेबांकडं पाहिलं, पण ते उत्साहानं हात चोळत पडद्याकडं बघत होते. म्हैस आली, हेडक्लार्क धावला, मोठा हशा झाला. बैठकीतली माणसंही सवयीनं हसली आणि कौतुकानं गीताबाईकडं वळली. ती मान खाली घालून आपल्या हातांकडं बघत होती.

तात्यासाहेब शाल घेऊन पुढं झाले. तिनं हात जोडले.

"शाल राहू द्या, तात्यासाहेब. माझं एक काम करा. तिथलं माझं हसू काढून घ्या. मी त्याला हसले नव्हते."

मग तिनं सभागृहातली गोष्ट सांगितली. कडुबाची झोप, कंडक्टर, दोन फुल. सांगताना ती जराशी फुलली. कडुबा आता नव्हता. पेढ्यांचा तो भाग चावडीत लागला, तेव्हा गावातल्या बायका मागं वळून तिच्याकडं बघायला लागल्या होत्या. एकजण म्हणाली होती, गीता, तुलाच जास्त हसू आलं की गं. ती तिथून उठली आणि परत चावडीवर गेली नाही.

तात्यासाहेब अवघडले. ते म्हणाले, "गीताबाई, तुमचं वाईट वाटणं खरं आहे. पण हा जुना ठेवा. त्याला हात कसा लावायचा? आणि एवढ्याशा विनोदाचं काय घेऊन बसायचं?"

गीताबाईनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "पुढल्याच साली माझा मोठा म्याट्रिक झाला. आमच्या घरातला पहिला. मी फुलंब्रीच्या स्टँडावरून पेढे आणले. पहिल्या दाराशी गेले, पायरीवर पाय ठेवला, तर आत कुणीतरी हसलं. कशाला हसलं, कोण जाणे. मी माघारी फिरले. गावात पेढे वाटलेच नाय. आता तुम्ही हे पुन्हा लावणार. उद्या माझी पणतवंडं बघतील, म्हणतील, पणजी याला हसली व्हती."

 करुणा त्या मॅट्रिक झालेल्या मोठ्या मुलाची लेक. बापाचे पेढे वाटले गेले नव्हते, हे तिला त्या दुपारी कळलं.

गीताबाईनंच मग विचारलं, आमच्या मालकांचं बोलणं आहे का हो त्या फितीत? अतुलनं मला डब्यातून काढलं आणि जुन्या यंत्रावर चढवलं. ती कान देऊन, मान जराशी कलती करून बसली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्याजवळ कडुबाचा एक शब्द असता, तर मी उरलेलं सगळं त्यावरून ओवाळून टाकलं असतं. पण मी सुरू झाले ती थेट हसण्यापासून. अतुलनं दोनदा मागं नेऊन लावलं. मग गीताबाई म्हणाली, राहू द्या.

तात्यासाहेब खाली मान घालून ट्रंकेपाशी गेले. तिच्यात माझी जाऊ होती, म्हणजे नटांच्या नुसत्या बोलण्याची फीत, हशा मिसळण्याआधीची. ती त्यांनी अतुलच्या हातात दिली. अतुलनं बराच वेळ खटपट करून तिचा आवाज चित्राशी जुळवला आणि पेढ्यांचा प्रसंग पुन्हा लावला. या खेपेला माझ्याविना.

सखू आली. पुडा पायरीवर ठेवला. दार लागलं. म्हशीपुढं पेढे पडले आणि हेडक्लार्कचं ते वाक्य आलं. कुणी हसलं नाही. जिथं मी हसत असे, तिथं नुसतं बंद दार आणि दाराबाहेर उभी सखू. आणि त्या शांततेत सखूचा आवाज आला. तिनं बाहेरून आनंदानं विचारलं होतं,

"माई, गोड हायती का पेढे?"

ते वाक्य तात्यासाहेबांना पाठ नव्हतं. कुणालाच नव्हतं. इतकी वर्षं ते माझ्या खाली दबून होतं. आतून उत्तर आलं नाही. सखू थोडा वेळ थांबली आणि पायऱ्या उतरून गेली.

गीताबाई पडद्याकडं बघत म्हणाली, "गोड असतात गं बाई. लई गोड असतात."

तात्यासाहेब भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी शाल घडी करून ठेवली, सत्काराचं नाव पुन्हा काढलं नाही. तो भाग आता इंटरनेटवर आहे, पण हशाविना. कुणी कुणी खाली लिहितात, मजा गेली. तात्यासाहेब वाद घालत नाहीत. निघताना अतुलनं गीताबाईला भाबडेपणानं विचारलं, आज्जी, एकदा माइकपुढं हसता का, नवं घेऊन ठेवू? तिनं प्रयत्न केला, खरंच केला. मग म्हणाली, नाय रे बाबा, येत नाय आता.

माझं काय, मित्रांनो, मी फीत आहे. ओल लागली की चिकटेन, ऊन लागलं की तडकेन. माझी निगा नाही राखलीत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा. कुणी आपल्या लेकराचे पेढे घेऊन तुमच्या दारी आलं, तर दार उघडं ठेवा, आणि एक पेढा तिथंच, त्याच्यादेखत, तोंडात टाका.