मूठभर बी

मोठीमायनं वाळल्या भोपळ्याचा तुंबा सुपावर उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि जुनी राख अशी उडाली की मला शिंक आली.

"तोंड फिरव न वं पोट्टे. बी उडून जाईन."

"बी असन तं उडन," मी म्हणाले.

सूप हलवून, फुंकून तिनं राख एका बाजूला केली. दोडक्याचे काळे चपटे दाणे तेवढे मागे राहिले. अकरा. आम्ही नव्या गावात आलो तेव्हा याच तुंब्यात दोन मुठी होत्या. मी पाहिल्या होत्या.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, शकुंतलाबाई. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. मोठेबाबा तुमसरला राईस मिलवर चौकीदार आहेत, आठवड्यातून एकदा येतात. माझे बाबा वरठीला प्लांटवर जातात. मी दहावीत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. म्हणून दिवसभर घरात मी, मोठीमाय आणि तिची वाडी. वाडी म्हणजे काय, तर घरामागचे दहा बाय बारा फूट.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं त्याला सहा वर्षं झाली. तिथं परसात बी नुसतं टाकलं तरी वेल छपराच्या कवेलूवर चढून जायचा. इथं सगळा लाल मुरूम. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठण्ण वाजते. पहिल्या वर्षी वेल हातभर होऊन पिवळे पडले. पुढं कधी माकडं आली, कधी पाणी पुरलं नाही. दर वर्षी तुंब्यात बी कमी.

आणि हे बी साधं नव्हतं. मोठीमायच्या लग्नात तिच्या आईनं ते मूठभर तिच्या ओटीत घातलं होतं. त्या आईच्या ओटीत तिच्या आईनं. आता ज्येष्ठात तृप्तीचं लग्न होतं. तृप्ती मोठीमायची एकुलती एक पोरगी, भंडाऱ्याला कपड्याच्या दुकानात कामाला. संध्याकाळी एसटीतून उतरली की आधी चपला उडवायची, मग बोलायची.

"आई, त्याइचं घर तिसऱ्या माळ्यावर हाय. दोडके का पंख्यावर चढवू?"

"चढव. पण बी घेऊन जाय."

"मंग हेच अकरा दाणे देऊन टाक न."

"अकरा दाणे का ओटीत घालतात? भीक हाय का? मूठ भरली पाहिजे." मोठीमाय सुपाकडे पाहत म्हणाली. "तुही आजी म्हणे, एक मूठ उघडी करून बी दिलं का पोरगी मोकळी झाली."

मोठीमायचा एक नियम होता. अर्धं बी मातीत, अर्धं राखेत. काही झालं तरी राखेतलं काढायचं नाही. त्या दिवशी ती पाच दाणे परत तुंब्यात टाकायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. इतकी भीती मला पाहवत नाही.

"पाच दाणे ठेवून काय करशीन? जुनं बी हाय. पुढच्या साली मेलंच राहीन. टाक सारे."

तिनं पाच दाणे परत सुपावर ठेवले. मग अकराच्या अकरा दाणे तिनं ओल्या फडक्यात बांधले. घरात माझं कोणी ऐकत नाही. त्या दिवशी मी खुशीत होते.

माती आम्ही आधीच, पौष लागला तशी, आणून ठेवली होती. बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायची ती छोटी तळी, अर्धी आटली होती. तिचा काळा गाळ पोत्यात भरायचा, सायकलच्या कॅरिअरवर टाकायचा, एकीनं हँडल धरायचं, एकीनं मागून ढकलायचं. दीड किलोमीटर. असे आठ दिवस. मोठीमाय मध्येच थांबून कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "मोने, ह्या पारी होते पाह्य."

अकरातले सात उगवले. दोन शेजारच्या शेळीनं खाल्ले. मी त्या शेळीला अशी काठी हाणली की शेजारीण सुलोचनाबाई चार दिवस आमच्याशी बोलली नाही. राहिले पाच. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, तेव्हा ओल टिकावी म्हणून मोठीमायनं बुडाशी तणस पसरली. धानाचा पेंढा आमच्याकडे काय कमी. वर तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, मांडव केला. वेल चढले. फुलं आली. एका वेलाला करंगळीएवढा पहिला दोडका धरला तेव्हा मोठीमायनं त्याच्या देठाला लाल धागा बांधला.

"हा बियाचा. याले हात लावजो नोको. वेलावरच वाळन, तवा तोडू."

"एका दोडक्यात मूठ भरन?"

"भरते. भरून उरते."

तिला असं हसताना मी जुन्या गावानंतर पाहिलं नव्हतं.

मग लाल भुंगे आले. हे भुंगे पानाची चाळणी करतात. त्यांना एकच औषध मोठीमायला माहीत होतं. पहाटे दवात पानांवर राख भुरभुरायची. पण गॅस आल्यापासून चूल बंद, घरात राख नाही. तुंब्यातली होती ती दोन दिवसांत संपली. कृषी केंद्रातलं औषध आणते म्हटलं तर म्हणाली, "बियाले जहर नोको लावू." रोज सकाळी आम्ही दोघी भुंगे वेचायचो आणि मिठाच्या पाण्यात बुडवायचो. दुसऱ्या दिवशी तेवढेच परत.

"आठ दिवसाइनं होळी हाय," ती म्हणायची. "होळीची राख आणू. मंग पाहतो एकेकाले."

होळी पेटली. दुसऱ्या दिवशी धुळवड. त्या सकाळी मोठीमायला गोपाळरावांच्या घरी जायचं होतं. त्यांची म्हातारी दिवाळीनंतर वारली होती, आणि ज्या घरात मौत झाली तिथं गावानं जाऊन आधी गुलाल लावल्याशिवाय ते घर रंग खेळत नाही. निघताना दारातून ती मला म्हणाली, "घमेल्यात राख आणून ठेव. पण वाडीत टाकजो नोको हो आज. ओसरीत पसरवजो. दोन दिवस थंडी होऊ दे, मंग चाळू."

"हो."

"नुसतं हो नोको म्हणू."

"हो म्हटलं न."

होळीच्या जागेवर राखेचा ढीग होता. वरून पांढरी, हाताला गार लागली. मी फावड्यानं घमेलं भरलं आणि डोक्यावर घेतलं. सुलोचनाबाई अंगणात बसली होती, तोंड हिरवं रंगलेलं. शेळीचं अजून तिच्या मनात होतं.

"काहून वं मोने, राख नेऊन राहिली? त्या वेलीले आता राख नाही, लाकडंच लागतीन."

मी घमेलं सावरून पुढं निघाले.

"दहावी नाही झाली, तं दोडके तरी करून दाखव बाई."

बाजूच्या दोघी हसल्या.

मी घरी आले तेव्हा कानात नुसती आग होती. वाडीत पाहिलं तर ऊन वर आलेलं, आणि धाग्याच्या दोडक्याशेजारच्या पानावर तीन भुंगे आरामात बसलेले. दोन दिवस. दोन दिवसांत हे वेल संपवतील आणि ती बाई रोज मला विचारेल. मी मुठी भरभरून राख पानांवर फेकली. खालची राख कोमट होती. कोमटच तर आहे, असं मला वाटलं. उरलेलं घमेलं मी पाचही वेलांच्या बुडाशी, तणशीवर, उपडं केलं.

मग अंगाची राख धुवायला पाणी पाहिलं तर घरात नव्हतं. नळाचा दिवस नव्हता. मी पाण्याची गुंडी घेऊन बोअरिंगवर गेले. तिथं रांग होती आणि पोट्टे रंग घेऊन उभे. एकानं माझ्या गुंडीत रंग टाकला. मी ती गुंडी तशीच त्याच्या अंगावर ओतली. तो काही बोलला, मी काही बोलले, लोकं मध्ये पडली. पुन्हा रांगेत लागले. असा किती वेळ गेला मला सांगता येत नाही. भरलेली गुंडी उचलली तेव्हा आमच्या घरामागून धूर निघत होता.

मी पळाले. अर्धं पाणी रस्त्यातच सांडलं. राखेच्या पोटातले निखारे तणशीला लागले होते आणि तणशीवरून आग तुऱ्हाट्यांवर चढली होती. तुऱ्हाटी तडतड वाजत जळते. अर्ध्या गुंडीनं नुसती वाफ झाली. सुलोचनाबाईनंच भिंतीवरून दोन बादल्या फेकल्या, पण तोवर मांडव खाली बसला होता.

मोठीमाय आली तेव्हा तिच्या कपाळभर गुलाल होता. ती वाडीच्या तोंडाशी थांबली. मी आपण होऊन काहीच बोलले नाही. बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"हात पोळले का?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग एक काडी घेऊन ती आत गेली, खाली बसली आणि राख बाजूला करत राहिली. लाल धागा सापडला नाही. दोडका सापडला. काळा पडलेला, शिजलेला. तिनं तो दोन बोटांनी मोडला. आत नुसता पांढरा गर होता.

"कवळं होतं," ती म्हणाली. "बी धरलंच नव्हतं अजून."

भिंतीपलीकडून सुलोचनाबाईनं विचारलं, "कसं काय लागलं वं शकुंतलाबाई?"

"राती होळीची ठिणगी उडून आली असन," मोठीमाय म्हणाली. "मांडव वाळलाच होता."

सुलोचनाबाईनं मला घमेलं नेताना पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरची बादली उचलून ती आत गेली.

मोठीमाय त्या दिवशी रागावली नाही, नंतरही नाही. रागावली असती तर मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, संपलं असतं. पुढच्या सोमवारी मी भंडाऱ्याला जाऊन दोडक्याचं पाकीट आणलं. वर चकचकीत फोटो. दुकानदारानं सांगितलं, पीक जोरात येतं, पण याचं बी धरू नका, पुढं तसं निघत नाही. मोठीमायनं पाकीट हातात घेऊन फोटो पाहिला. "चांगला हाय," म्हणाली, आणि फळीवर ठेवून दिलं. ते अजून तिथंच आहे. तुंबा तिनं धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा राखेनं भरला आणि खुंटीला टांगला. नुसत्या राखेनं.

ज्येष्ठात तृप्तीचं लग्न झालं. बिदाईच्या वेळी मांडवात ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. बाया ओळीनं येऊन भरत होत्या. मी तृप्तीच्या मागे उभी होते, तिचा पदर धरायला. शेवटी मोठीमाय आली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. सुलोचनाबाई, सगळ्या बाया, सगळे पाहत होते. मला तेवढं माहीत होतं की त्या मुठीत काही नाही.

तिनं मूठ ओटीवर नेली आणि उघडली, हळूहळू, जसं दाणे सांडू नयेत म्हणून उघडतात तशी.

तृप्तीनं खाली पाहिलं. पंख्यावर दोडके चढवणारी ती. तिनं पदराची दोन्ही टोकं चटकन एकत्र आणली आणि गाठ मारली, मग तिच्यावर अजून एक.

"घट्ट झाली का?" मोठीमायनं विचारलं.

"हो आई," तृप्ती म्हणाली. "नाही सांडत."