बूटखाऊचे शेवटचे पान

मी एक जुना राक्षस आहे. दचकू नका, मित्रांनो. मी कागदावरचा राक्षस आहे आणि आजवर खऱ्या माणसाच्या केसालाही मी धक्का लावलेला नाही. माझे नाव बूटखाऊ.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळांच्या पाणथळ मळ्यात वर्लिन स्टोडोला काम करीत असे. एकदा चिखलाने त्याचा डावा बूट गिळला तो गिळलाच. वर्लिन लंगडी घालत घरी आला.

"बूट कुठाय?" त्याची बायको लोइस म्हणाली.

"खाल्ला."

"कोणी?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मी.

वर्लिनला एका खेळाचा नाद होता. त्या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आणि कोण जगला, कोण बुडाला याचा कौल फासे देतात. वर्लिनने मला त्या गोष्टीत सोडले. मी चिखलातून हात काढी, बूट ओढी, आणि बुटाबरोबर माणूसही. शेजारपाजारचे धट्टेकट्टे लोक माझे नाव निघताच पाय वर घेऊन बसत. मला फार बरे वाटे.

ज्या मोठ्या कंपनीचा हा खेळ होता, तिने त्या काळी नियमांचे दार सर्वांसाठी उघडले. कोणीही ते नियम घ्यावेत, त्यांवर आपली पुस्तके काढावीत. अट एवढीच, की पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो परवाना छापायचा आणि ज्यांच्या ज्यांच्याकडून काही घेतले, त्या सर्वांची नावे लिहायची. वर्लिनने माझे पातळसे पुस्तक काढले, आणि कंपनीने दाखवले तसेच मोठे मन त्यानेही दाखवले. 'बूटखाऊ सर्वांना मोकळा,' असे त्याने छापून टाकले.

मग मी हिंडलो. टेक्ससमध्ये कोणी मला पंख लावले. कोणी मला बर्फात नेले. वर्लिन ती पुस्तके मागवून वाची आणि खोखो हसे. "पंख! चिखलात पंख कशाला लागतात?" पण कौतुक फार दिवस टिकत नाही. पुढे त्याची उरलेली पुस्तके तळघरात टोमॅटोच्या बरण्यांशेजारी जाऊन बसली. झुरळांनासुद्धा माझी चव आवडली नाही.

बऱ्याच वर्षांनी मिलवॉकीला खेळाचा मेळावा भरला होता. वर्लिन आणि लोइस तिथे गेले. एका टेबलावर नवे पुस्तक होते, आणि मुखपृष्ठावर मी! पण कसा? पाठीवर दोन हरवलेली मुले घेऊन दलदल ओलांडणारा. हातात त्यांचे बूट, नीट पुसलेले.

वर्लिनचा चेहरा उतरला. त्याने शेवटचे पान उघडले, नावांवरून बोट फिरवले. पंखवाल्याचे नाव होते. वर्लिनचे नव्हते.

टेबलामागे ट्रूडी हाल्वर्सन उभी होती. हॉटेलात चादरी धुण्याचे काम करून, सुट्टीच्या दिवशी लिहून तिने हे पहिले पुस्तक उभे केले होते.

"हा कुठून आणलात?" वर्लिनने विचारले.

"टेक्ससच्या एका पुस्तकातून. तो सगळ्यांना मोकळा आहे ना."

"मोकळा आहे. बेवारस नाही."

त्याने आपले नाव सांगितले. ट्रूडी पांढरीफटक पडली. टेक्ससवाल्याने वर्लिनचे नाव गाळले होते, म्हणून ते तिच्याही पानावर आले नव्हते; पंखांवर हसण्याच्या नादात वर्लिनने त्याचे शेवटचे पान कधी पाहिलेच नव्हते. परवान्याचा नियम सरळ होता. चूक कळल्यावर ठरल्या मुदतीत ती सुधारली नाही, तर परवानगी संपली आणि पुस्तक विकता येत नाही.

"मी सुधारते," ती म्हणाली.

"सुधारणा नको. पुस्तकंच उचला," वर्लिन म्हणाला आणि हातातले पुस्तक तसेच घेऊन पाय आपटत निघून गेला.

लोइस तळलेले चीज खात बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले. "तिनं नाव लिहिलं असतं, तर तू असा फुगला नसतास?"

वर्लिनने तिच्या पुढ्यातला चीजचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"बोल की."

"फुगलो असतो. अगं, तिनं त्याला दाई करून ठेवलाय! बूट पुसतो तो!"

"म्हणजे राग नावाचा नाहीच. मुलगी देऊन झाली, वर्लिन. आता तिच्या घरी जाऊन आमटीत मीठ किती ते बघू नये."

"पण माहेरचं नाव तरी सांगावं की नाही?"

"ते मागायला जा. तेवढंच माग."

मी वर्लिनच्या हातातल्या पुस्तकात होतो, मित्रांनो. नियमाने ट्रूडीला सुधारायला मुदत होती, पण चूक तिचीच होती. त्याने हट्ट धरला असता, तर घाबरलेल्या ट्रूडीने पुस्तके उचललीच असती, आणि मी मुखपृष्ठासकट रद्दीच्या लगद्यात गेलो असतो.

तो परत गेला तेव्हा ट्रूडी पुस्तके खोक्यात भरत होती.

"थांबा," तो म्हणाला. "डिंक आहे का?"

मेळाव्याच्या कचेरीत वर्लिनच्या नावाच्या चिठ्ठ्या छापून मिळाल्या. लोइसही आली, आणि तिघे बसून एकेका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या चिकटवू लागले. वर्लिन कुरकुरतच होता. "बूट पुसतो म्हणे. निदान एखादा तरी खाऊ द्यायचा." ट्रूडी हसली, पण एकही ओळ बदलीन असे म्हणाली नाही. त्यानेही तसे मागितले नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी दुसऱ्याचे गाणे, चित्र, गोष्ट घ्याल. जरूर घ्या. मला घ्या, पंख लावा, पोरे वाहायला लावा. मी तक्रार करणार नाही. फक्त घेतलेल्या वस्तूचा मागचा माणूस पुसू नका. आणि तुम्ही काही दिलेत, तर ते दुसऱ्याच्या घरी वेगळे वाढेल, हेही सोसायला शिका. माझ्या शेवटच्या पानावर ती चिठ्ठी थोडी वाकडी चिकटली आहे. वर्लिनने ती स्वतः चिकटवली, आणि डिंक वाळेपर्यंत अंगठा तिच्यावर दाबून धरला.